कंबर असलेल्या स्कीचा हिवाळा

काल सकाळी फ्रिस्कोत बर्फ पडला. पडला म्हणजे टेक्ससमध्ये पडतो तसा, अंगणातल्या वाळक्या गवतावर कुणी तांदळाची पिठी भुरभुरावी इतपत. तेवढ्यानं शाळा बंद, ऑफिसं बंद, दुकानांतलं दूध आणि ब्रेड आदल्या दिवशीच संपलेलं. माझी मुलगी मेत्ता पायजम्यातच खिडकीशी आली, काचेला नाक लावून म्हणाली, "इट्स नॉट इव्हन स्नो, ममा. इट्स आइस." आणि पुन्हा पांघरुणात गेली. तिचं बरोबर होतं. तरी मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले आणि त्या पातळ थरावर उभी राहिले. तळव्यांखाली बारीक करकर झाली. एवढंच. पण तेवढ्या आवाजावर मी किती वर्षं मागे घसरत गेले, ते चहा गार झाल्यावर कळलं.

व्हर्मॉन्टमधला तो हिवाळा नोव्हेंबरात सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत हलला नाही. नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या युनिव्हर्सिटीत माझं एम.एस. नुकतंच झालं होतं, मेकॅनिकलमध्ये. बरोबरच्या मुली एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये गेल्या. मला मात्र पहिली नोकरी मिळाली ती डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा स्कीच्या कारखान्यात, टेस्ट इंजिनिअर म्हणून. माझी रूममेट स्मिता मुंबईची. तिला हसू आवरेना. "यार विशाखा, तू नागपूरची. तुला बर्फ म्हणजे फक्त काला-खट्टा गोळा माहीत. तू स्की काय टेस्ट करणार?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं. पण वस्तू वाकवायची, गोठवायची, ओढायची आणि ती केव्हा हार मानते ते लिहून ठेवायचं, हे मला येत होतं. त्यासाठी तिच्यावर उभं राहता यायला हवं असं कुठं होतं?

कारखान्याच्या मागच्या बाजूला माझी लॅब होती. एक मोठी खिडकी, खिडकीत अख्खा डोंगर. आत एक मशीन स्कीची दोन टोकं धरून तिला मधोमध दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. दिवसभर. त्याचा आवाज एखादं मोठं जनावर शांत झोपेत श्वास घेतं तसा होता. बाजूला थंडपेटी, तिच्यात उणे वीस-पंचवीस अंशांपर्यंत स्की गारठवायच्या. दुपारी तीननंतर डोंगराची सावली खिडकीतून आत यायची आणि टेबलं, कागद, माझे हात सगळं निळं व्हायचं. मशीनचा श्वास, ती निळाई आणि बाहेर आवाज न करता उतरणारा बर्फ. कित्येकदा मी पेन हातात धरून नुसती बसून राहायचे.

त्या वर्षी स्कीचं रूपच बदलत होतं. तोवरच्या स्की म्हणजे लांब, सरळ, फूटपट्टीसारख्या. नवी जोडी आखूड होती, पुढे रुंद, मागे रुंद आणि मधे छान कंबर असलेली. तिच्यावर अजून छपाई नव्हती, रंग नव्हता. पिवळसर काचतंतूंच्या थराखालून आतलं लाकूड अंधुक दिसायचं, पाण्याखालच्या खडकासारखं. बाजूंना स्टीलच्या धारदार कडा. मी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा मला ती खेळाची वस्तू वाटलीच नाही. ती वाद्य वाटली.

ही जोडी नीट चालते का आणि टिकते का, हे दोन जण ठरवणार होते. एक माझं मशीन. दुसरे एमेट.

एमेट चौसष्ट वर्षांचे होते. उंच, खांद्यात जरा वाकलेले, कायम एकच लोकरीची टोपी. त्यांच्या घरच्या गाई होत्या, त्या विकल्यावर ते कारखान्यात आले आणि वीसेक वर्षं हिवाळाभर फक्त स्की घालून डोंगर उतरायचे, वर जायचे, पुन्हा उतरायचे. ते त्यांचं काम. इंग्रजीत मी त्यांना सगळ्यांसारखं नुसतं एमेट म्हणायचे, पण मनात त्यांना कधी अरे-तुरे करता आलं नाही. स्कीबद्दल बोलताना त्यांचे शब्द वेगळे असत. "ही जागी आहे." "ही झोपाळू आहे." "हिला वळायचंय, पण हिला कुणी विचारत नाही." मी असले शब्द रिपोर्टात कुठे लिहायचे?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू कधी स्कीवर उभी राहिलीयस?"

"नाही."

"मग तुझं मशीन जे सांगतं, ते तुला खरं वाटतं की नुसतं पाठ होतं?"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी उसने बूट घालून उतारावर उभी होते.

पडण्याची मोजदाद मी ठेवली नाही. कुशीवर पडले, पाठीवर पडले, एकदा तर उभ्या-उभ्याच काही कारण नसताना पडले. एमेट कधी हात द्यायचे नाहीत. जरा खाली जाऊन थांबायचे आणि दरीकडे बघत राहायचे, जणू त्यांना तिथेच थांबायचं होतं. "पायांकडे बघू नकोस," ते सांगायचे. "जिथे जायचंय तिकडे बघ. पाय ऐकतात." महिनाभरात पाय थोडं थोडं ऐकायला लागले. मग कळलं की बर्फ एक नसतो. सकाळचा बर्फ करकरतो, दुपारचा कुजबुजतो, वाऱ्यानं झाडलेला बर्फ खरवडल्यासारखा ओरडतो, आणि नुकताच पडलेला काहीच बोलत नाही. लोखंडी दोरावरून सरकणारी खुर्ची आम्हाला वर घेऊन जायची तेव्हा खाली देवदारासारखी फरची झाडं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी उभी असायची. आमची हलती सावली त्यांच्यावरून जायची. शिखरावर उतरलं की अशी शांतता, की पापण्या मिटल्याचा आवाज ऐकू येईल असं वाटायचं. त्या उंचीवर मला घराची आठवण यायची, पण ती टोचायची नाही. ऊन पडलेल्या खोलीत कुणीतरी बसलेलं असावं तशी ती नुसती असायची.

जानेवारीत एके दिवशी एमेट नेहमीपेक्षा लवकर खाली आले. नवी जोडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि डावीच्या शेपटावर, म्हणजे मागच्या टोकाशी, बोट टेकवलं. "इथं काहीतरी सुटलंय."

मी भिंग घेऊन पाहिलं. काही दिसलं नाही. मशीनवर चढवली, तिथेही सगळे आकडे जागच्या जागी. तिच्यासारख्याच दुसऱ्या जोडीनं तर मशीनवर न कुरकुरता सगळा कार्यक्रम पुरा केला होता.

आमचे साहेब क्रेग. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. मार्चमध्ये दुकानदारांचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे ही जोडी सगळ्यांना बर्फावर चालवून दाखवायची होती. कारखान्याचं पुढचं वर्ष तिच्यावर अवलंबून होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "एमेट चांगला माणूस आहे. पण त्याचे गुडघे गेलेत, विशाखा. सैल झालेत ते गुडघे, स्की नाही. मशीनला गुडघे नसतात. पुढच्या हिवाळ्यापासून ही सगळी टेस्टिंग तुझ्या लॅबमध्येच करायची, असं माझ्या मनात आहे. तू पास लिहून दे."

म्हणजे माझ्या एका सहीत दोन गोष्टी होत्या. स्की पास होणार होती आणि एमेट नापास. सही केली नाही तर काय, तेही मला माहीत होतं. माझा व्हिसा त्याच कंपनीच्या कागदावर उभा होता. नागपूरला दोन भाऊ शिकत होते. मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या."

रविवारी सकाळी मी घरी फोन केला. फोन शेजारच्या शेंडेकाकांकडे होता. माझ्या सकाळी तिकडे संध्याकाळ व्हायची, आणि बाबा आधीच येऊन त्यांच्या ओट्यावर बसलेले असायचे. बाबा रेल्वेत होते, कॅरेज-वॅगनमध्ये. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते रुळांच्या कडेनं चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोकायचे. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक वाजत नाही, नुसतं ठप्प करतं. डब्यात बसलेले लोक पुऱ्या-भाजी खात असायचे. खाली एक माणूस त्यांच्या जिवाला कान लावून चाललाय, हे त्यांना ठाऊकही नसायचं.

"जयभीम, बाबा."

"जयभीम. आवाज असा काऊन येते तुझा? जेवत नाही का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. स्की म्हणजे काय हे आधी सांगावं लागलं. लाकडाची फळी, वर-खाली काचतंतूंचा थर, सगळं डिंकासारख्या रसायनानं चिकटवून दाबलेलं. मशीन म्हणतं चांगली आहे, म्हातारा म्हणतो नाही.

फोनमधून शेंडेकाकांच्या घरातल्या भांड्यांचे आवाज येत होते.

"ठोकून पाह्यलं का तू?"

"बाबा, मशीन आहे ना. हजारो वेळा वाकवतं ते."

"वाकवते, ते ठीक. पण ठोकून पाह्यलं का?"

सोमवारी लॅबमध्ये कुणी यायच्या आत मी मशीन बंद केलं. त्याचा श्वास थांबल्यावर खोली एकदम मोठी झाली. स्की दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं टोकापासून हळूहळू ठोकत निघाले. टक. टक. टक. कंबर ओलांडली. टक. टक. शेपटाच्या चार बोटं अलीकडे, डाव्या कडेला, ठप्प. मी पुन्हा थोडं मागून ठोकत आले. टक, टक, ठप्प. दारात एमेट उभे होते, टोपीवर बर्फ तसाच. जवळ आले, माझ्या हातातून पेचकस घेतला आणि स्वतः ठोकून ऐकलं. मग डोळे मिटून पुन्हा ऐकलं.

आम्ही ती जागा करवतीनं कापली. स्टीलची कड आणि तिच्या वरचा थर यांच्यामधे केसाएवढी फट होती.

क्रेगनी ती पाहिली. "ही एकच जोडी. दगडावर आपटली असेल."

"आपटली नाही," एमेट म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

"मी तिच्यावर होतो."

पण साहेबांचंही एका अर्थी खरं होतं. एका फटीवरून काही सिद्ध होत नाही. माझं मशीन जे मोडू शकलं नव्हतं ते डोंगरानं कसं मोडलं, हे मला सांगता येत नव्हतं.

ते कळलं वर जाणाऱ्या खुर्चीतून. स्वच्छ, कडक थंडीची सकाळ होती. एमेट नव्या स्कीची दुसरी जोडी घालून माझ्या आधी वर पोचून खाली निघाले होते. मी हवेत लटकत चालले होते आणि बरोबर माझ्या पायांखाली ते वळत होते. डावीकडे एक लांब वळण, उजवीकडे एक. इतकं सुंदर की मी कामाचं विसरून बघत राहिले. जुन्या स्कीवर माणूस जोर लावून वळतो. ही कंबर असलेली स्की नुसती कलली की आपणच वळते. ती कडेवर कलते, पुढचं टोक बर्फ धरतं, मागचं टोक बर्फ धरतं, मधला भाग खाली दबतो, आणि त्याच क्षणी ती पिळली जाते, ओलं फडकं पिळावं तशी, जराशीच. माझं मशीन स्कीला फक्त वाकवत होतं. पिळत नव्हतं. जुन्या सरळ स्कीला तेवढं पुरे होतं, हिला नव्हतं. मी खुर्चीत एकटीच मोठ्यानं म्हणाले, "पीळ." मराठीतच म्हणाले.

पुढचे दोन आठवडे मी आणि एमेट लॅबमध्ये एक नवीन सांगाडा जोडत होतो. त्यांच्या गोठ्यातले जुने लोखंडी अँगल, गेटच्या बिजागऱ्या, कारखान्यातली एक पडून असलेली मोटर. एमेट वेल्डिंग करायचे, मी मापं घ्यायचे. दुपारी ते खिशातून सँडविच काढून अर्धं माझ्यापुढे ठेवायचे, मी डब्यातली पोळी-भाजी त्यांच्यापुढे सरकवायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. बाहेर बर्फ साचून खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला होता, आणि खोलीत उजेड असा यायचा जसा दुधातून यावा. बाबांच्या हातोड्याबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, "तुझे वडील अजून चाकं ठोकतात?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी रिटायर होतील." ते म्हणाले, "मग त्यांचा कान कुठं जाणार?" ते स्वतःबद्दल विचारत होते की बाबांबद्दल, हे मला कळेना.

थंडपेटीत ठेवून, वाकवून आणि पिळून आम्ही पाच जोड्या तपासल्या. तीन जोड्या त्याच जागी सुटल्या. शेपटाच्या चार बोटं अलीकडे.

मी तिन्ही कापून क्रेगच्या टेबलावर मांडल्या. "भर वेगात वळताना ही कड सुटली तर माणूस झाडावर जाईल," मी म्हटलं. "मी पास लिहिणार नाही."

"प्रदर्शनाला ही नसेल तर काय होईल, कल्पना आहे तुला?"

"आहे."

"सही करणारा दुसरा इंजिनिअर मला मिळेल."

मी टेबलावरचे तुकडे पुन्हा ओळीत लावले. "मिळेल. त्यालाही मी हे तुकडे दाखवीन. मग त्यानं ठरवावं."

ते खिडकीकडे वळले. मी बाहेर आले.

त्यानंतरचे तीन दिवस मला स्वप्नासारखे आठवतात, चांगल्या नव्हे, पण वाईटही नव्हे अशा स्वप्नासारखे. मी खोलीवरची पुस्तकं खोक्यात भरली, पुन्हा काढली. सकाळी बुद्धवंदना म्हणताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघत राहायचे. आपण घाबरलोय हे कळत होतं, आणि तरीही आत कुठेतरी सगळं शिखरावरच्यासारखं शांत होतं. सही केली असती तर ती शांतता मला पुन्हा सापडली नसती, एवढं नक्की वाटत होतं.

चौथ्या दिवशी क्रेग लॅबमध्ये आले. आमच्या त्या गोठ्यातल्या सांगाड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पेटीच्या काचेतून आत पिळली जाणारी स्की पाहिली. मग टेबलावरचा पेचकस उचलून एका जोडीवर ठोकत गेले, अगदी बेतानं, कुणी बघत नाहीये असं समजून. ठप्प आल्यावर थांबले.

"कडेवर रबराची पट्टी घातली तर?" ते म्हणाले. "किती जाड लागेल?"

मी म्हटलं, "पातळच. पण पुरी टोकापासून टोकापर्यंत."

प्रदर्शनात ती जोडी नुसती भिंतीवर टांगली गेली, कुणाला चालवायला दिली नाही. बऱ्याच दुकानदारांनी त्या वर्षी दुसरीकडे माल घेतला. कारखान्यात दोन महिने सगळे दबक्या आवाजात बोलायचे, आणि काहींनी माझ्याशी बोलणंच सोडलं. ते मला लागलं, नाही असं नाही. पण मार्चअखेर रबर घातलेली नवी जोडी आली आणि एमेट तिला घेऊन रोज डोंगरावर जायला लागले. पिळणाऱ्या सांगाड्यानं तिला पंधरा दिवस छळलं, ती सुटली नाही. डोंगरावरही सुटली नाही.

एप्रिलमधला शेवटचा दिवस मला अजून हाताला लागेल इतका जवळ वाटतो. खाली गावात चिखल झाला होता, मेपलचा रस आटवणाऱ्या घरांतून गोडसर वाफ वर येत होती. डोंगरावरचा बर्फ साखरेच्या जाड दाण्यांसारखा सैल झाला होता. एमेटनी ती जोडी माझ्यापुढे ठेवली. "आज तू." मी ती घातली. काही करायचं नव्हतं, नुसतं कलायचं होतं. मी डावीकडे कलले आणि डोंगर माझ्याभोवती हळूच फिरला. उजवीकडे कलले, तो परत आला. मधे वेळ म्हणून काही नव्हतंच. ऊन होतं, दाण्यांचा सळसळ आवाज होता आणि मागे कुठेतरी एमेट होते. खाली पोचल्यावर त्यांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "जागी आहे." तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी तो कारखाना एका मोठ्या कंपनीनं घेतला आणि काम दुसऱ्या देशात गेलं. एमेट तोवर, म्हणजे कारखाना होता तोवर, डोंगर उतरत राहिले. मी आधी न्यू जर्सीत परतले, लग्न झालं, मग इथे, जिथे बर्फ तांदळाच्या पिठीएवढा पडतो. नंतर मी कितीतरी गोष्टी तपासल्या, त्यातल्या काही फार महत्त्वाच्याही होत्या. रिपोर्ट मात्र मला आठवतो तो एकच.

तो मी एप्रिलच्या शेवटी टाइप केला, चार प्रतींत. कंपनीच्या छापील फॉर्ममध्ये तपासणाऱ्याच्या नावाची एकच ओळ होती, इंजिनिअरची. उतारावरच्या टेस्टरचं नाव कुणी कधी लिहीत नसे, वीस वर्षांत लिहिलं नव्हतं. मी माझ्या नावाच्या वर आणखी एक ओळ आखली आणि तिथे एमेटचं नाव टाइप केलं. क्रेगनी ते पाहिलं, सही करून चारही प्रती परत दिल्या.

त्या घेऊन मी एमेटना दाखवायला गेले. ते स्कीच्या कडा पुसत बसले होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला, लांब धरला आणि बराच वेळ वाचला. मला वाटलं, त्यांना अवघडल्यासारखं झालंय. मग ते म्हणाले, "एमेटच्या शेवटी दोन टी असतात."

मी पाहिलं. मी एकच लिहिला होता.

मी पेन काढलं आणि चारही प्रतींवर हातानं दुसरा टी लिहिला. प्रत्येक प्रत झाली की एमेट ती उचलायचे, शाईवर हलकी फुंकर घालायचे आणि ती वाळेपर्यंत तसेच उभे राहायचे.